एक पावली, एक आणा, एक पैसा, एक पै

रामनगरला आत्याच्या ओसरीवर बसलं की बेळगावहून अनमोड घाटाकडे, म्हणजे गोव्याला निघालेले ट्रक समोरून जाताना दिसतात. त्या संध्याकाळी मी ट्रक मोजत होतो आणि शेजारी आत्याची नात अपूर्णांकांची गणितं सोडवत होती. सहावीत आहे. १/२ + १/३ या गणितापुढे तिने झोकात २/५ लिहिलं. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. झालं.

आत्या मेथी निवडत होती. वहीकडे न बघताच तिने विचारलं, "किती आलं म्हणालीस?"

"दोन पंचमांश."

"म्हणजे अर्ध्याला कमी की जास्त?"

नात थांबली. पाचाचे निम्मे अडीच, दोन म्हणजे अडीचला कमी. "कमी."

"म्हणजे तुझ्या पानात अर्धी भाकरी होती, वर मी आणखी वाढली, आणि पानात राहिली अर्धीला कमी? मधल्यामधे कोण गं खाल्ली?"

नात हसली, पण खोडरबर शोधू लागली. आत्या म्हणाली, "रुपयाचं करून बघ की. अर्धा म्हणजे आठ आणे. तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै. झाले तेरा आणे चार पै." मेथीची पुढची जुडी तिने ओढलीसुद्धा.

हे उत्तर बरोबर आहे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन. म्हणजे रुपयाच्या पै १९२. अर्धा रुपया ९६ पै, तिसरा हिस्सा ६४ पै, बेरीज १६०. बत्तीसने दोन्हीकडे भाग दिला की १६०/१९२ चे ५/६ होतात. शाळेत याला लसावि काढून समच्छेद करणं म्हणतात. आत्याने लसावि काढला नव्हता. तिच्या लहानपणीच्या रुपयाने तो आधीच काढून ठेवला होता.

खालच्या आकड्याला छेद का म्हणतात हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. छेद म्हणजे काप. एका वस्तूचे किती काप केले ते छेद सांगतो, त्यातले किती आपल्याकडे आहेत ते अंश सांगतो. म्हणजे दोन्ही आकडे दिसायला सारखे असले तरी जातीने वेगळे. वरचा मोजतो, खालचा नाव सांगतो. दोन चवल्या आणि तीन पावल्या मिळून किती? "पाच" हे उत्तर अगदीच खोटं नाही, नाणी पाचच आहेत. पण वाणी नाण्यांची संख्या घेऊन साखर देत नाही. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची. चार आणि बारा, सोळा आणे. पूर्ण रुपया. नातीने खालच्या आकड्यांची बेरीज केली तेव्हा तिने नावांचीच बेरीज केली होती.

*

अपूर्णांक हा शब्द मराठी पुस्तकातला. नातीच्या कन्नड शाळेतल्या मैत्रिणी याच धड्याला 'भिन्नराशी' म्हणतात, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथातही हा विषय 'भिन्न' याच नावाने येतो. भिन्न म्हणजे फुटलेलं. अरबीत अपूर्णांकाला 'कस्र' म्हणतात, त्याचाही अर्थ मोडणं. तो शब्द आपल्याकडे येऊन 'कसर' झाला. हिशेबात कसर राहते ती हीच, आणि काटकसरीतही हीच मोडकी बाकी दडलेली आहे. घरोघरच्या आया रोज अपूर्णांक वाचवतात, त्यांना कुणी गणिती म्हणत नाही एवढंच.

रामनगरच्या बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं तर हा विषय तीन भाषांत कानावर पडतो. मराठी, कोकणी, कन्नड. आपला 'पाव' संस्कृत 'पाद'वरून आला. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. (बेकरीतला पाव तो हा नव्हे. तो पोर्तुगिजांचा, गोव्यातून घाट चढून आलेला. 'पाव किलो पाव द्या' या वाक्यात दोन खंड एकमेकांशेजारी बसलेत.) आता कन्नड बघा. कन्नडमध्ये पाव म्हणजे 'कालु', आणि कालु म्हणजेच पाय. कुळं वेगळी असलेल्या दोन भाषांनी चौथाईसाठी एकाच गाईचा पाय धरला. पुढे मात्र वाटा फुटतात. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', पाव कमी. आपण पूर्ण वस्तू डोळ्यांपुढे धरतो आणि त्यातून पाव काढतो. कन्नड माणूस 'मुक्कालु' म्हणतो, तीन पाव, आणि खालून मोजत वर येतो. उत्तर एकच, ३/४. एकाने वजाबाकी केली, दुसऱ्याने गुणाकार.

दीड, अडीच यांची गोष्ट आणखी नवलाची. दीड म्हणजे मूळ 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा. म्हणजे पहिला पूर्ण, दुसरा अर्धाच. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. साडेतीनला जुना शब्द 'औट', तो 'अर्धचतुर्थ'वरून घासत घासत आला. औट हात देह, औट घटकेचं राज्य, तो हाच औट. ही मोजण्याची तऱ्हा फक्त आपलीच असं वाटत असेल तर रशियन माणूस दीडला काय म्हणतो ते ऐका. त्याचाही शब्द मुळात 'अर्धा-दुसरा' असाच आहे. डॅनिश भाषेत पन्नासला जो शब्द आहे तो उलगडला तर 'अर्धा-तिसरा वेळा वीस' असा निघतो. अडीच विसा पन्नास. कोपनहेगनचा दुकानदार रोज आपली अडीचकी म्हणतो आणि त्याला पत्ता नाही.

हे शब्द किती जुने? फार लांब जायला नको, याच कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला अशोकाचा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्याचं त्यात अशोक सांगतो, आणि आपलं काम दीडपटीने वाढेल असंही म्हणतो. त्या खडकावर अडीच आणि दीड यांचे खापरपणजोबा कोरलेले आहेत. बाजारात 'दीड किलो कांदे' म्हणताना आपण सव्वादोन हजार वर्षांचं काहीतरी तोंडातून काढत असतो.

या शब्दांचे पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आत्याने ते लहानपणी शाळेत म्हटले, आणि लग्न होऊन जुन्या सुप्यात गेल्यावर सासऱ्यांच्या दुकानात वापरले. पुढे काळी नदीवर सुप्याचं धरण झालं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं आणि तिथल्या बऱ्याच कुटुंबांबरोबर हे घरही रामनगरला आलं. दुकान राहिलं नाही, पाढे राहिले. "सोळा औटे?" असं मी मुद्दाम विचारलं. "छप्पन्न," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मला हे पाढे पूर्वी नुसता छळवाद वाटत. अडीचचा पाढा कशाला हवा? आत्याने सांगितलं तेव्हा समजलं. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळाने भागलं की अडीच. म्हणून ज्या मालाचा मण जितक्या रुपयांना, त्याचे अडीच शेर तितक्याच आण्यांना. तांदूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेराला बारा आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. दहा शेर हवे? चार अडीचे दहा, म्हणून चार वेळा बारा आणे, तीन रुपये. घाऊक भाव आणि किरकोळ गिऱ्हाईक यांच्यामधला पूल या अडीचवर उभा होता.

*

आता मूळ प्रश्न. सोळाच का? शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, पावशेराचं नवटाक, नवटाकाची छटाक. दर पायरीला निम्मं. चार वेळा निम्मं केलं की सोळावा हिस्सा. याचं कारण तराजूत आहे. तराजूला दोन पारडी. तुमच्याकडे एकही वजन नसलं तरी साखरेचा ढीग दोन पारड्यांत वाटत गेलात आणि काटा मधोमध आला की नेमके दोन निम्मे हिस्से होतात. पुन्हा तेच केलं की पाव. कुणाच्या वजनावर विश्वास ठेवायची गरज नाही. तीन पारड्यांचा तराजू मात्र कुणी बनवला नाही. निम्म्याचं निम्मं करत कितीही खाली गेलात तरी तिसरा हिस्सा नेमका हाती लागत नाही, कारण दोनाला दोनाने कितीही गुणलं तरी तिनाने भाग जाईल असा आकडा येत नाही.

आणि तरीही भाऊ तीन असतात.

आत्या आत गेली आणि सासऱ्यांच्या गल्ल्यातली जुनी नाणी असलेला डबा घेऊन आली. १९४७ची निकेलची पावली, मागे वाघ. नागमोडी काठाचा आणा. मधे भोक असलेला पैसा, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतला. आणि अगदी तळाशी, नखाएवढी वाटावी अशी तांब्याच्या रंगाची पै. चार नाणी तिने ओळीने मांडली. "एक रुपया तिघांत वाट," ती नातीला म्हणाली.

रुपया मोडला, चार पावल्या झाल्या. तिघांना एकेक दिली, एक उरली. ती मोडली, चार आणे. तिघांना एकेक, एक उरला. तो मोडला, चार पैसे. तिघांना एकेक, एक उरला. नात म्हणाली, "हे संपणारच नाही." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दर वेळी चार करायचे, तीन द्यायचे, एक उरवायचा, हा खेळ असाच चालला तर शेवट नाही. पण पैसा मोडला की चार होत नाहीत. तीन पै होतात. तिघांना एकेक. संपलं.

एका रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे एक पावली, एक आणा, एक पैसा, एक पै. प्रत्येकी एकेक नाणं, बाकी शून्य. मोजून बघा: अठ्ठेचाळीस, बारा, तीन आणि एक, चौसष्ट पै. चौसष्ट त्रिक एकशे ब्याण्णव.

मी त्या चार नाण्यांकडे बराच वेळ बघत राहिलो. ही कुणी मुद्दाम केलेली योजना होती असं मी म्हणत नाही. पण निम्म्यानिम्म्याच्या जिन्याला शेवटची पायरी तिनाची लावली की तिसरा हिस्सा असा डोळ्यांदेखत हातात येतो. आणि पै नसती तर? १/४ + १/१६ + १/६४ असं चौथाईची चौथाई मिळवत कायमचं जावं लागलं असतं, आणि तरीही बेरीज एक तृतीयांशाच्या जवळजवळ सरकत राहिली असती, पलीकडे कधीच गेली नसती. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने पॅराबोलाच्या कमानीखालचं क्षेत्रफळ काढताना हीच माळ वापरली होती. त्याने दाखवलं की एकात चौथाई, तिची चौथाई, तिची चौथाई असं मिळवत गेलं की चार तृतीयांश होतात. आत्याच्या ओसरीवर ते भोकाच्या पैशापर्यंत येऊन थांबलं.

पुढची हकिकत थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ला उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाच महिन्यांत इथल्या माणसाचं राज्यही बदललं आणि नाणंही. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वा कुठून आणणार? म्हणून कोष्टक निघालं: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. सोळा आणे एकदम दिले तर शंभर पैसे, एकेक करून सोळा वेळा मोडले तर शहाण्णव. दशमान पद्धत सोयीची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण शंभराला तिनाने भाग जात नाही आणि आठानेही जात नाही, एवढं तरी मान्य करावं. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं. 'चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला' अजून चालू आहे.

*

बेरीज जमली की मुलांना वाटतं गुणाकार आणखी अवघड असेल. तो सोपा आहे. 'चा', 'ची', 'चे' लावायचं, बस्स. पावाचा पाव, म्हणजे शेरातली छटाक. चार काप, प्रत्येकाचे पुन्हा चार, सोळावा हिस्सा. म्हणून छेदांचा गुणाकार. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त यावरचं एक गणित आहे, आणि मला ते जगातल्या उत्तम विनोदांपैकी एक वाटतं. एका कंजुषाने याचकाला दान दिलं. किती? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग, त्याचा चौथा भाग. सांगा, कवड्या किती? द्रम्म म्हणजे सोळा पण, पण म्हणजे चार काकिणी, काकिणी म्हणजे वीस कवड्या. एकूण १,२८० कवड्या.

नातीने पायरीपायरीने केलं. निम्मे ६४०. त्याचे दोन तृतीयांश... ४२६ आणि वर २/३. कवडी फुटली. "पुढे जा," मी म्हटलं. त्याचे तीन चतुर्थांश, बरोबर ३२०. कवडी सांधली गेली. पाचवा भाग ६४, सोळावा भाग चार, चौथा भाग एक. एवढा मोठा मंत्र म्हणून कंजुषाने एक कवडी टाकली. अपूर्णांक म्हणूनच केलं असतं तर कवडी फुटलीच नसती: १/२, २/३, ३/४ यांची साखळी वरखाली कापली की थेट १/४. हे कापणं करताना नातीचा चेहरा बघण्यासारखा झाला. भास्कराचार्य हे आकडे एकाखाली एक मांडत, मधे रेघ नसे. ती आडवी रेघ त्याच शतकात उत्तर आफ्रिकेतल्या अल-हस्सार या गणितीच्या लिखाणात दिसते.

भागाकाराचं भूत मोठं असतं. 'उलटा करून गुणा' हा नियम भास्कराचार्यांनीही दिलाय. पण उलटा का करायचा? पाऊण शेर चहाची पूड आहे, नवटाकाच्या पुड्या बांधायच्या. किती होतील? पाऊण शेर म्हणजेच सहा नवटाक. सहाला एकाने भागलं, सहा पुड्या. दोन्हीकडचं नाव एक केलं की नाव गळून पडतं आणि नुसते अंश उरतात. ३/४ भागिले १/८, म्हणजे ३/४ गुणिले ८, सहाच. अर्ध्याला तिसऱ्या हिश्शाने भागायचं असेल तर ९६ पैमध्ये ६४ पै किती वेळा? दीड वेळा. भागाकार केला आणि उत्तर मोठं आलं, यात जादू नाही. माप लहान घेतलं की मापं जास्त लागतात, हे दूध घालणारा कोणीही सांगेल.

शेवटी माझीच फजिती. आत्याकडे पहाणी होती, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. जमीन तिघा भावांची, क्षेत्र २-२०. मी ऐटीत मोबाइल काढला, २.२० भागिले ३ केलं आणि जाहीर केलं, "प्रत्येकी एकोणतीस गुंठे आणि थोडं."

"आणि बारा गुंठे कुणाला दिलेस?" आत्याने विचारलं.

एकराचे गुंठे चाळीस. २-२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अडीच एकर, शंभर गुंठे. मी त्या मधल्या आडव्या रेघेला दशांशचिन्ह समजलो होतो आणि एका बटणात तिघा भावांची बारा गुंठे जमीन गिळली होती. नातीने वही पुढे ओढली. शंभर भागिले तीन, तेहतीस, उरला एक गुंठा. गुंठ्याचे आणे सोळा. सोळा भागिले तीन, पाच, उरला एक आणा. प्रत्येकी तेहतीस गुंठे पाच आणे. जमिनीच्या आण्याला पै नसते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे उरलेला आणा ६८ चौरस फूट. आठ बाय साडेआठ.

"आजी, हा आणा कुणाचा मग?"

आत्याने निवडलेली मेथी टोपलीत भरली. "त्यात विहिरीजवळचा फणस आहे," ती म्हणाली.